चालणार कुठे, ते आधी विचारा

पोरांनो, कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज, घरच्या लॅपटॉपवर विंडोज, आणि तुम्ही लिहिलेला प्रोग्राम शेवटी चालतो तो लिनक्सवर. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलात काय, महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेलात काय, किंवा इथेच बसून एखाद्या राइस मिलचा हिशेब लिहून दिलात काय, यात फरक पडत नाही. आपला स्वतःचा कोड या वाटेवर सहसा मोडत नाही. मोडतात त्या डिपेंडन्सी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली आणि आपण पिपने किंवा एनपीएमने ओढून आणलेली पॅकेजं. ती कशी बांधून न्यायची तेवढंच आज सांगते. जास्त पायथनचं सांगेन, कारण तुमच्यातले बरेच जण तेच वापरता.

प्रोग्राम कुठे चालणार हे आधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. नुसतं ‘लिनक्सवर’ हे उत्तर पुरेसं नाही. कोणतं लिनक्स आणि त्याची कितवी आवृत्ती, पायथन कितवं, प्रोसेसर कोणत्या जातीचा, आणि त्या मशीनला इंटरनेट आहे की नाही, एवढं कळलंच पाहिजे. समोरच्याला ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडायला सांगा. मग ‘युनेम -एम’ चालवायला सांगा. ‘एक्स८६_६४’ उमटलं तर इंटेल किंवा एएमडी, ‘एआर्क६४’ उमटलं तर आर्म. ‘एलडीडी --व्हर्जन’ चालवलं की ग्लिबसीची, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची, आवृत्ती कळते, तिची गरज पुढे पडणार आहे. समोरचा म्हणेल, एवढं कशाला, तुम्ही पाठवा तर खरं. ऐकू नका. ही माहिती हातात येईपर्यंत एकही पॅकेज उतरवू नका.

हे का मोडतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना समजायला सोपं आहे. पॅकेजचा सोर्स कोड म्हणजे धान. धान कुठल्याही गिरणीला न्या, चालतं. पण एकदा भरडाई झाली की तो तांदूळ कच्चा की उष्णा हे ठरून गेलेलं असतं, आणि ज्याने उष्णा मागितला त्याच्या दारात कच्च्याची पोती उतरवून उपयोग नसतो. नमपाय, पँडाज, पिलो, एलएक्सएमएल, क्रिप्टोग्राफी या पॅकेजांचा आतला गाभा सी, सी++, रस्ट अशा भाषांत लिहिलेला असतो आणि तो एका ठरावीक मशीनसाठी कंपाइल होऊनच तुमच्याकडे येतो. विंडोजवर पिप चालवलं की पिप विंडोजसाठी कंपाइल केलेलंच आणतं: ‘पीवायडी’ आणि ‘डीएलएल’ फाइली. लिनक्सला लागतात ‘एसओ’ फाइली. ते फोल्डर तसंच लिनक्सवर नेलं की ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असा निरोप येतो. फोल्डर डोळ्यांसमोर असतं, तरी मॉड्यूल सापडत नाही, आणि मुलं पाथ तपासण्यात संध्याकाळ घालवतात. पाथचा दोष नसतोच. मॅकवरून नेलेल्यांना ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ दिसतं. दुखणं तेच.

म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेऊ नका. नोडवाल्यांनी ‘नोड मॉड्यूल्स’ नेऊ नये. शार्प, बीक्रिप्ट या पॅकेजांच्या पोटातही असाच कंपाइल केलेला भाग असतो. डॉकरची इमेज म्हणजे कंटेनर ज्यातून निघतो तो साचा (कंटेनरचं पुढे सांगते). ती बांधताना ‘डॉकरइग्नोर’ फाइलमध्ये ही दोन्ही फोल्डरं लिहून ठेवा, नाहीतर कॉपी करताना ती गुपचूप आत जातात आणि आत नीट बसवलेली पॅकेजं झाकून टाकतात.

पॅकेजच्या फाइलचं नाव वाचायला शिका. पिप जी ‘व्हील’ फाइल उतरवतं तिच्या नावातच सगळं लिहिलेलं असतं. शेवटी ‘नन-एनी’ असेल तर ते शुद्ध पायथन, कुठेही चालेल, त्याची काळजी सोडा. ‘सीपी३१२-सीपी३१२’ असेल तर ते पायथन ३.१२ साठीच. ‘विन_एएमडी६४’ म्हणजे विंडोज. ‘मेनीलिनक्स_२_२८_एक्स८६_६४’ म्हणजे ग्लिबसी २.२८ किंवा त्याहून नवी असलेलं, इंटेल-एएमडी जातीचं लिनक्स. हे नाव वाचता आलं की अर्धं निदान तिथेच होतं.

आज हे किती सोपं झालंय ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. लिनक्ससाठी तयार व्हील पायथनच्या सामायिक भांडारात ठेवायची सोयच २०१६ पर्यंत नव्हती. लिनक्सांचे प्रकार इतके की एकासाठी कंपाइल केलेलं दुसऱ्यावर चालेल याची खात्री कोण देणार? त्यामुळे पिपने नमपाय बसवायचं तर ज्याने त्याने आपल्या मशीनवर कंपाइल करायचं, आणि त्यासाठी सी आणि फोर्ट्रानचे कंपायलर जमवायचे. २०१६ मध्ये ‘मेनीलिनक्स१’ हा ठराव झाला. त्यात सेंटओएस ५ सारखं मुद्दाम जुनं लिनक्स पायाला धरलं, की त्यावर जे बनेल ते पुढच्या सगळ्यांवर चालावं. मग सेंटओएस ६, मग सेंटओएस ७, आणि आता अल्मालिनक्स ८. हा पाया ज्याला समजला त्याला पुढचं सगळं समजतं.

विंडोजवर बसून लिनक्सची पॅकेजं बांधायचं साधन म्हणजे कंटेनर. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला दुसरा कॉम्प्युटर नव्हे. लिनक्सचा कर्नेलच एखाद्या प्रोसेसला तिच्या स्वतःच्या फाइली, तिचं नेटवर्क आणि मोजून दिलेली मेमरी देऊन वेगळं ठेवतो. नेमस्पेस आणि सीग्रुप या कर्नेलच्या दोन सोयींवर ते उभं आहे. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही सोय सामान्य प्रोग्रामरच्या हातात आली. पण कर्नेल लिनक्सचाच लागतो, मग विंडोजवर कसं चालतं? डब्ल्यूएसएल २ मुळे. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून विंडोजच्या आत एक हलकं व्हर्च्युअल मशीन आणि त्यात खराखुरा लिनक्स कर्नेल मिळतो, आणि डॉकर डेस्कटॉप त्याच्यावर बसतं. विंडोज होम असेल तरी चालतं. मॅकवरही डॉकर पडद्यामागे एक छोटं लिनक्स मशीनच चालवतं. म्हणजे तुम्ही कंटेनरमध्ये पिप चालवलंत की पिप स्वतःला लिनक्सवरच समजतं, आणि ते खरंच असतं.

डॉकर सुरूच होत नसेल तर आधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने ते सापडेल. लॅपटॉपची मेमरी ४ जीबी असेल तर डॉकर डेस्कटॉपचा हट्ट धरू नका. डब्ल्यूएसएलमध्ये उबंटू घ्या आणि त्यातच डॉकर इंजिन किंवा पॉडमन बसवा. काम तेच होतं आणि ओझं कमी पडतं. ‘डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइलमध्ये मेमरीची मर्यादाही घालता येते. प्रोजेक्टचं फोल्डर उबंटूच्या घरात ठेवा, सी ड्राइव्हवर नको. सी ड्राइव्हवरच्या हजारो बारीक फाइली डब्ल्यूएसएलमधून वाचणं फार हळू चालतं. आणि नोकरीला लागलात की लायसन्स विचारून घ्या. डॉकर डेस्कटॉप विद्यार्थ्यांना आणि लहान धंद्यांना फुकट आहे, पण २०२१ पासून २५० किंवा जास्त माणसांच्या, किंवा वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त उलाढालीच्या कंपनीला पैसे भरावे लागतात.

प्रत्यक्ष काम करायचं ते असं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. ‘डॉकर रन’ला आधी ‘--आरएम’ द्या, म्हणजे काम झाल्यावर कंटेनर पुसला जाईल. मग ‘--प्लॅटफॉर्म’ देऊन मुक्कामाच्या मशीनचा प्रोसेसर सांगा. ‘-व्ही’ने आपलं फोल्डर कंटेनरच्या आत कुठल्या जागी दिसावं ते सांगा. मग इमेजचं नाव, आणि शेवटी आत चालवायची आज्ञा: ‘रिक्वायरमेंट्स’ फाइल वाचून पिप इन्स्टॉल, आणि ‘--टार्गेट’ देऊन एका रिकाम्या फोल्डरमध्ये. कंटेनर येईल, काम करून जाईल, आणि तुमच्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्सच्या ‘एसओ’ फाइलींनी भरलेलं फोल्डर राहील. ते फोल्डर विंडोजवर चालवून पाहू नका. चालणार नाही, आणि चालायलाही नको.

फोल्डर जोडताना मुलं अडखळतात. चालू फोल्डरचा पत्ता पॉवरशेलमध्ये एका तऱ्हेने लिहितात, जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये दुसऱ्या तऱ्हेने. गिट बॅश तर वरून हुशारी करतं. आतल्या जागेचा पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो हे पाहून ते त्याचा विंडोजचा पत्ता करायला जातं आणि पुढे ‘सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, गिट’ चिकटवतं. तिथे सुरुवातीची तिरकी रेघ दोनदा द्या, किंवा सरळ उबंटूच्या टर्मिनलमधून काम करा. मी तर हा दुसरा मार्गच सांगेन.

ॲमेझॉनच्या लॅम्डाचं उदाहरण घेऊ, कारण नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते तुमच्यापुढे येण्याचा संभव मोठा. लॅम्डा २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू झालं. तिथे मशीन तुमच्या हाती नसतं. तुम्ही झिप द्यायची, ते चालवणार. आता पाहा: पायथन ३.११ चा लॅम्डा ॲमेझॉन लिनक्स २ वर चालतो, त्याची ग्लिबसी २.२६. पायथन ३.१२ चा चालतो ॲमेझॉन लिनक्स २०२३ वर, त्याची ग्लिबसी २.३४. अलीकडच्या कित्येक पॅकेजांची व्हील २.२८ च्या पायावर बनतात. म्हणजे तेच पॅकेज ३.१२ वर मजेत चालेल आणि ३.११ वर ‘ग्लिबसी नॉट फाउंड’ म्हणेल. पायथनचा आकडा एकाने बदलला, पण खालचं अख्खं लिनक्स बदललं. म्हणून ॲमेझॉनने बांधणीसाठी दिलेली एसएएमची इमेज घ्या आणि ती तुमच्या पायथनच्या नेमक्या आवृत्तीचीच घ्या. लॅम्डा चालवण्याची इमेज वेगळी असते. बांधायच्या इमेजमध्ये कंपायलर आणि बाकीची हत्यारं आधीच असतात.

पॅकेजं लॅम्डाला वेगळ्या झिपने, म्हणजे लेअर म्हणून, द्यायची तर त्या झिपच्या आत सगळ्यात वर ‘पायथन’ याच नावाचं, इंग्रजी लहान अक्षरांतलं फोल्डर लागतं आणि पॅकेजं त्याच्या आत. एक पायरी इकडेतिकडे झाली की सापडत नाही. सरळ चढवायची झिप ५० एमबीपर्यंत, आणि उलगडल्यावर लेअरसकट २५० एमबीपर्यंत चालते. बोटो३ हे ॲमेझॉनशी बोलणारं पॅकेज तिथे आधीच असतं. त्याची एखादी ठरावीक आवृत्ती हवी असेल तरच सोबत न्या. जागा करायची तर ‘पायकॅश’ आणि पॅकेजांची ‘टेस्ट्स’ फोल्डरं काढा. ‘डिस्ट-इन्फो’ मात्र सरसकट उडवू नका, काही पॅकेजं चालताना आपली आवृत्ती त्यातूनच वाचतात. तरीही बसत नसेल तर झिपचा नाद सोडून पूर्ण कंटेनर इमेज द्या. २०२० च्या डिसेंबरपासून लॅम्डा १० जीबीपर्यंतची इमेज घेतं.

लॅम्डा नसेल, कुणाचा साधा सर्व्हर असेल, तर नियम एवढाच: जुन्यात बांधा, नव्यात चालवा. ग्लिबसी मागचं सांभाळून घेते, पुढचं ओळखत नाही. उबंटू २०.०४ मध्ये ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९, डेबियन १२ मध्ये २.३६. डेबियन १२ मध्ये कंपाइल केलेलं उबंटू २०.०४ वर नेलंत तर त्या मशीनने त्याला ओळखलं पाहिजे असं कुठे आहे? उलट दिशेने बहुतेक वेळा चालून जातं. आणि अल्पाइनपासून जरा जपून. इमेज इवलीशी असते म्हणून मुलांना तिचा मोह पडतो, पण तिच्यात ग्लिबसीच नाही, मसल नावाची वेगळी लायब्ररी आहे. मेनीलिनक्सची व्हील तिच्यावर बसत नाहीत, मसललिनक्सची वेगळी लागतात. अल्पाइनमध्ये भरलेलं फोल्डर उबंटूवर नेणं म्हणजे विंडोजवरून नेल्यासारखंच.

इमेजचं नाव पूर्ण लिहा. ‘लेटेस्ट’ लिहू नका, आणि नुसतं ‘३.१२-स्लिम’ही लिहू नका. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि नुसतं ‘स्लिम’ लिहिणाऱ्यांच्या इमेजखालचं डेबियन १२ जाऊन १३ आलं. त्यांनी एक अक्षर बदललं नव्हतं. ‘३.१२-स्लिम-बुकवर्म’ असं लिहिलं असतं तर हे झालं नसतं. काम फार महत्त्वाचं असेल तर इमेजचा शा-२५६ डाइजेस्टच लिहा, तो बदलूच शकत नाही.

पॅकेजांची यादी कंटेनरच्या आतच करा. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण भली भली माणसं इथे घसरतात. विंडोजवर ‘पिप फ्रीझ’ करून ती यादी लिनक्सला दिली तर ती यादी विंडोजची असते. क्लिक नावाचं पॅकेज विंडोजवर कलरमा सोबत आणतं, लिनक्सवर आणत नाही. यूव्हीकॉर्न ‘स्टँडर्ड’सकट घेतलं तर लिनक्सवर यूव्हीलूप येतं, विंडोजवर येतच नाही. पायविन३२ यादीत आलं तर लिनक्सवर सगळी बसवणीच थांबते. म्हणून ‘रिक्वायरमेंट्स’च्या फाइलमध्ये तुम्ही स्वतः मागितलेली पॅकेजं तेवढी हाताने लिहा. आवृत्त्यांसकट पूर्ण यादी कंटेनरमध्ये बनवून घ्या, आणि जमलं तर हॅशसकट, म्हणजे उद्या कुणी पॅकेज बदललं तर पिप स्वतःच थांबेल.

कुणी सांगेल, कंटेनर कशाला, पिपलाच ‘--प्लॅटफॉर्म’ आणि ‘--ओन्ली-बायनरी’ सांगितलं की ते विंडोजवर बसून लिनक्सची व्हील आणतं. खरं आहे, आणतं. लॅपटॉप फारच अशक्त असेल तर तो मार्ग धरा. पण वरची अडचण तिथे तशीच राहते. कोणत्या सिस्टीमला कोणतं जास्तीचं पॅकेज लागतं याचा निवाडा पिप ज्या मशीनवर चालतंय त्या मशीनकडे पाहून करतं. आणि ज्या पॅकेजचं व्हीलच नाही, ते या मार्गाने मिळत नाही. यूव्ही नावाचं नवं हत्यार लिनक्ससाठीची यादी विंडोजवर बसून बरोबर काढतं, तेवढ्यापुरतं ते चांगलं. बांधलेलं चालतं का हे मात्र तेही सांगू शकत नाही.

ॲपलचे नवे मॅक आर्म प्रोसेसरचे आहेत. तुमच्याकडे तसा असेल आणि सर्व्हर इंटेलचा असेल तर ‘--प्लॅटफॉर्म’ विसरू नका. तेव्हा नकली इंटेल प्रोसेसरवर काम हळू होतं, होऊ द्या.

स्लिम इमेजमध्ये कंपायलर नसतो. एखाद्या पॅकेजचं व्हील नसेल तर पिप ते सोर्समधून बांधायला जातं आणि ‘जीसीसी’ नाही म्हणून रडतं. तेव्हा लगेच कंपायलर चढवत बसू नका. आधी पाहा, त्या पॅकेजच्या एखाद्या जवळच्या आवृत्तीचं व्हील आहे का. बऱ्याचदा पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेतल्यामुळे व्हील नसतं, एक पाऊल मागे आलात की मिळतं. खरंच नसेल तर मोठ्या इमेजमध्ये बांधा आणि तयार माल तेवढा लहान इमेजमध्ये उचला. एकाच डॉकरफाइलमध्ये दोन टप्पे करता येतात. सायकोपीजी२ सारखं पॅकेज बांधताना पोस्टग्रेसची लायब्ररी लागते आणि चालतानाही लागते. बांधणाऱ्या इमेजमध्ये ती होती, चालणाऱ्यात नाही, असं झालं की प्रोग्राम ‘शेअर्ड ऑब्जेक्ट’ सापडत नाही म्हणतो. ‘एसओ’ फाइलवर ‘एलडीडी’ चालवा. कुठल्याही ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसलं तर तेवढी लायब्ररी सोबत न्यायची आहे.

बांधून झालं की परीक्षा घ्या, आणि बांधलं त्या कंटेनरमध्ये घेऊ नका. तिथे सगळं असतंच. मुक्कामाच्या लिनक्सची एक कोरी इमेज घ्या, तुमचं फोल्डर फक्त वाचता येईल असं जोडा, ‘--नेटवर्क नन’ देऊन इंटरनेट तोडा, आणि प्रोग्राम चालवा. नुसतं इंपोर्ट करून समाधान मानू नका. खरी फाइल वाचा, खरी पावती छापा, डेटाबेसशी बोलणारा भाग असेल तर तेवढ्या परीक्षेपुरतं ‘--नेटवर्क नन’ काढून शेजारच्या कंटेनरमध्ये डेटाबेस उभा करून त्याच्याशी बोलायला लावा. इंटरनेट तोडायचं कारण हे की काही पॅकेजं पहिल्यांदा वापरताना गुपचूप काहीतरी उतरवून घेतात. आपल्या लॅपटॉपवर ते कधीच उतरलेलं असतं, म्हणून कळत नाही.

आता ते सांगते जे इंग्रजी पुस्तकांत तुम्हाला सहसा मिळणार नाही, आणि आपल्या कामात रोज लागतं: मराठी अक्षरं.

समजा तुम्ही भरडाईची पावती छापणारा प्रोग्राम लिहिला. १०० क्विंटल धानाला कच्चा असेल तर ६७ क्विंटल तांदूळ, उष्णा असेल तर ६८, हा सरकारी हिशेब त्यात बरोबर मांडला. विंडोजवर पावती सुरेख येते, कारण विंडोजमध्ये निर्मला हा देवनागरी फाँट आधीच आहे. लिनक्सच्या स्लिम इमेजमध्ये एकही नाही. पावतीवर गावाच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात. इमेजमध्ये फाँट स्वतः घाला, आणि विंडोजचे फाँट उचलून नेऊ नका, त्यांचं लायसन्स तशी मोकळीक देत नाही. नोटो सान्स देवनागरी आहे, रेड हॅटने खुला केलेला लोहित आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आहे. हे सगळे खुल्या लायसन्सचे आहेत, मोकळेपणाने न्या.

फाँट आला तरी काम संपत नाही. पिलोने चित्रावर मराठी लिहिता तेव्हा अक्षरं जोडण्याचं काम राक्म नावाची लायब्ररी करते. पिलोच्या ८.२ पासूनच्या व्हीलमध्ये ती असते, पण तिला चालताना फ्रिबिडी नावाची आणखी एक लायब्ररी मशीनवर लागते, आणि ती कोऱ्या इमेजमध्ये नसते. नसली तर पिलो तक्रार करत नाही. एकेक चिन्ह ओळीने मांडून मोकळं होतं. मग तिरोड्याची वेलांटी त वरून सरकून र च्या डोक्यावर बसते, सडक अर्जुनीतला रफार सुटून र चा पाय मोडतो. ज्याच्या हाती ती पावती जाते त्याला आपल्या गावाचं नावही धड वाचता येत नाही. हे मला अजिबात सहन होत नाही, आणि तुम्हालाही होऊ नये. म्हणून पिलोच्या ‘फीचर्स’मध्ये राक्म आहे का हे कोऱ्या कंटेनरमध्ये विचारून पाहा. डेबियनमध्ये ‘लिबफ्रिबिडी०’ पॅकेज घाला. लॅम्डाच्या लेअरमध्ये ती ‘एसओ’ फाइल ‘लिब’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, तिथून ती उचलली जाते. लिहिताना भाषा मराठी आहे हेही पिलोला सांगा. फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर भाषा सांगितल्यावर ते उमटतात. पीडीएफ करायची असेल तर वीझीप्रिंट अक्षरं नीट जोडतं, फक्त त्याला पँगो लायब्ररी इमेजमध्ये घालून द्यावी लागते.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवू नका. आतली माहिती हवी तेवढी मराठीत ठेवा, नाव मात्र साध्या इंग्रजी लहान अक्षरांत. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ्य कॉम्प्युटरमध्ये निदान तीन तऱ्हांनी साठवला जातो: ऱ हे एकच अक्षर म्हणून, र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था पहिल्याचं दुसरं करून ठेवायची. लिनक्स फक्त बाइट पाहतं, त्याच्या लेखी ती तीन वेगळी नावं. फाइल समोर दिसते आणि प्रोग्राम ती नाही म्हणतो. इंग्रजी नावांतही लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळा. तिथली चूक विंडोजला चालून जाते, लिनक्सला नाही.

विंडोजवर पायथन फाइल उघडताना जुनी कोडपेज धरतं, लिनक्सवर यूटीएफ-८. म्हणून प्रत्येक फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ स्पष्ट लिहा. एक्सेलमधून आलेली सीएसव्ही असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटून येतं. आणि कंटेनरचं घड्याळ ग्रीनिचचं असतं. पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख. खरेदीच्या पावतीवर तारीख चुकणं परवडत नाही. ‘टीझेडडेटा’ घाला आणि ‘एशिया/कोलकाता’ कोडमध्येच लिहा, मशीनवर विसंबू नका.

झिप कंटेनरच्या आतच करा. विंडोजवर केलेल्या झिपमध्ये फाइल चालवण्याची परवानगी हरवते. स्लिममध्ये झिपची आज्ञा नसते, पण पायथनचं स्वतःचं ‘झिपफाइल’ मॉड्यूल ते काम करतं. शेल स्क्रिप्ट असेल तर तिच्या ओळींची शेवटं लिनक्सची ठेवा. ‘गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये एकदा लिहून ठेवलं की पुन्हा पाहायला नको.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे काम असेल आणि तिथल्या मशीनला नेट नसेल किंवा नावापुरतं असेल, तर सगळं गोंदियातच बांधून पेन ड्राइव्हवर न्या. ‘डॉकर सेव्ह’ इमेजची एक टार फाइल करतं, तिकडे ‘डॉकर लोड’ ती उघडतं, मध्ये इंटरनेट लागत नाही. त्या मशीनवर डॉकर नसेल तर ‘पिप डाउनलोड’ने सगळी व्हील कंटेनरमध्ये एका फोल्डरात जमवा आणि तिकडे ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स’ देऊन बसवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट केलेला असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, एक्सएफएटी करून घ्या. सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: इमेजचं पूर्ण नाव आणि डाइजेस्ट, पायथनची आवृत्ती, प्रोसेसर, बांधल्याची तारीख, आणि जी आज्ञा चालवली ती जशीच्या तशी. निघण्याआधी टार फाइलचा शा-२५६ काढून त्याच फाइलमध्ये लिहा, विंडोजवर ‘सर्टयुटिल’ तो काढून देतं. तिकडे पोचल्यावर ‘शा२५६सम’ चालवून दोन्ही ताडून पाहा, आणि जुळले तरच ‘लोड’ करा.